वीस टक्के चूक

ऑगस्ट महिन्यातली संध्याकाळ, आठचा सुमार. इंग्लंडमधल्या डर्बी गावात घराघरांतून मेणबत्त्या लागू लागल्या होत्या, पण रस्त्यावर शंभर यार्डांवरचे दिसेल एवढा उजेड अजून शिल्लक होता. बटरफील्ड नावाचा एक इसम गुत्त्यातून बाहेर पडला, घोड्यावर बसला आणि भरधाव निघाला. वाटेत फॉरेस्टर नावाच्या गृहस्थाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर एक वासा आडवा टाकून ठेवला होता. घोडा त्यावर आदळला आणि बटरफील्ड खाली पडून जबर जखमी झाला. त्याने फॉरेस्टरवर दावा लावला.

सार्वजनिक रस्ता अडवणे ही फॉरेस्टरची चूक होती, याबद्दल वाद नव्हता. तरीही १८०९ साली लॉर्ड एलनबरो यांच्या न्यायालयाने बटरफील्डला एक छदामही दिला नाही. एकाने चूक केली म्हणून दुसऱ्याला स्वतःपुरती सावधगिरी सोडून देण्याची मुभा मिळत नाही. हा माणूस जपून चालला असता तर वासा त्याला दिसला असता, असे न्यायालय म्हणाले.

ऐकायला हे अगदी रास्त वाटते. आपल्याकडचा कोणताही वडीलधारा माणूस हेच म्हणेल. पण या निकालातून जो नियम जन्माला आला तो फार कडक होता. जखमी माणसाची स्वतःची चूक थोडीशी जरी निघाली तरी त्याचा सगळा दावा बुडायचा. समोरच्याची चूक नव्वद टक्के आणि याची दहा टक्के असली, तरी याच्या पदरात शून्य. कायद्याच्या भाषेत याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. नावात ‘अंश’ असला तरी हिशेबात अंशाला जागा नव्हती. सगळे किंवा काहीच नाही, एवढेच दोन पर्याय होते.

गाढव आणि इंजिन ड्रायव्हर

घोडे आणि वासे यांच्या जगात हा नियम कसाबसा खपून गेला. मग रेल्वे आली, गिरण्या आल्या, आणि माणसे मोठ्या संख्येने यंत्रांखाली सापडू लागली.

निकोलस फार्वेल हा अमेरिकेतल्या बॉस्टन अँड वूस्टर रेल्वेवर इंजिन चालवायचा. पगार रोजचा दोन डॉलर. १८३७ साली एका सांधेवाल्याने रुळांचा सांधा चुकीचा लावून ठेवला, इंजिन घसरले आणि फार्वेलचा उजवा हात गेला. त्याची स्वतःची चूक काडीइतकीही नव्हती. तरी १८४२ साली मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी त्याचा दावा फेटाळला. चूक सांधेवाल्याची, म्हणजे एका सहकामगाराची, तेव्हा मालकाचा संबंध नाही. आणि धोक्याची नोकरी पत्करताना फार्वेलने तो धोकाही पत्करला होता, त्याचा मोबदला पगारातच आला, असा त्यांचा युक्तिवाद. उजवा हात गमावलेल्या माणसाला कायद्याने जबाबदारीचा धडा शिकवला.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका गाढवाचाही निकाल लागला. मालकाने पुढचे पाय बांधून त्याला रस्त्याच्या कडेला चरायला सोडले होते. वेगाने आलेल्या एका गाडीखाली सापडून ते मेले. गाढवाला असे वाऱ्यावर सोडणे ही मालकाची चूक होती. जुन्या नियमाने त्याला काहीच मिळायला नको होते. पण न्यायाधीशांनी पळवाट काढली. गाडीवानाने थोडी काळजी घेतली असती तर अपघात टळला असता, म्हणून भरपाई त्याने द्यावी, असे ठरले. डेव्हिस विरुद्ध मान या नावाने हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. चूक असूनही गाढवाच्या मालकाला पैसे मिळाले. चूक नसलेल्या ड्रायव्हरला १८४२ साली काहीच मिळाले नाही.

पुढची सत्तर वर्षे कारखानदारांच्या हाती हीच तीन हत्यारे होती: तुझी स्वतःची चूक, तुझ्या सहकामगाराची चूक, किंवा तू धोका जाणूनबुजून पत्करलास. न्यूयॉर्क राज्याने १९१० साली कामगारांना चूक न पाहता भरपाई देणारा कायदा केला. तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी तो घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, मॅनहॅटनमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले, त्यांतल्या बहुतेक स्थलांतरितांच्या तरुण मुली. ‘आपली काळजी आपण घ्यावी’ हे तत्त्व त्या कुलूपबंद दारापाशी टिकले नाही. १९४८ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत कामगार भरपाईचे कायदे झाले. हिंदुस्थानात असा कायदा १९२३ मध्ये आला, आणि सहकामगाराच्या चुकीची सबब १९३८ च्या कायद्याने मालकांच्या हातून काढून घेतली गेली.

कारखान्याबाहेरच्या अपघातांत मात्र बटरफील्डचा नियम अमेरिकेत कितीतरी वर्षे ठाण मांडून होता. तो हळूहळू मोडला. मिसिसिपीने १९१० मध्ये, कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये, न्यू मेक्सिकोने १९८१ मध्ये चुकीची टक्केवारी लावण्याची पद्धत स्वीकारली. दोघांची चूक किती ते ज्यूरीने ठरवायचे आणि जखमी माणसाच्या वाट्याची रक्कम भरपाईतून वजा करायची. जबाबदारी कोणाचीच माफ होत नव्हती. ती पहिल्यांदाच मोजली जात होती. न्यू मेक्सिकोचे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची मुख्य घटना तिथेच घडणार आहे.

मे १९८६

या बदलांबरोबर अमेरिकेत नुकसानभरपाईच्या वकिलांचा एक जोरकस वर्ग उभा राहिला. हे वकील आधी फी घेत नाहीत. दावा जिंकला तर रकमेतला साधारण तिसरा हिस्सा घेतात. हरला तर त्यांचेही हात रिकामे. त्यामुळे गरीब माणसालाही मोठ्या कंपनीवर दावा लावता येतो, आणि त्यामुळेच रुग्णवाहिकेमागे धावणारे वकील अशी त्यांची टिंगलही होते. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम अशा फीला मनाई करतात.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर विम्याचे हप्ते भडकले. डॉक्टर, नगरपालिका, क्रीडांगणे चालवणाऱ्या संस्था सगळेच हवालदिल झाले. हप्ते का वाढले याची कारणे अनेक होती. व्याजदर घसरल्याने विमा कंपन्यांचे गुंतवणुकीवरचे उत्पन्न आटले, हे त्यांतले एक. पण दोषी म्हणून लोकांसमोर उभा केला गेला तो ऊठसूट दावे लावणारा माणूस. १९८६ मध्ये अशा दाव्यांना लगाम घालू पाहणारी अमेरिकन टॉर्ट रिफॉर्म असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या मंडळींसमोर बोलताना राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एक किस्सा सांगितला. एक माणूस टेलिफोनच्या बूथमध्ये उभा होता, दारू प्यायलेल्या चालकाची गाडी येऊन बूथवर आदळली, आणि त्या माणसाने दावा लावला तो टेलिफोन कंपनीवर!

किस्सा खरा होता, पण अर्धाच सांगितलेला. चार्ल्स बिगबी हा लॉस एंजेलिसच्या नगरपालिकेचा सफाई कर्मचारी. १९७४ साली त्याला ती गाडी येताना दिसली होती. तो बाहेर पळायला निघाला, पण बूथचे दार अडकले. त्याचा पाय गेला. हा बूथ वर्दळीच्या रस्त्यालगत उभा होता, आणि त्याच जागेवरच्या आधीच्या बूथलाही एकदा गाडीने धडक दिलेली होती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले होते ते एवढेच: बूथची जागा आणि अडकणारे दार यांचा विचार ज्यूरीला करू द्या. किश्शातून दार वगळले की बिगबी विनोदी पात्र होतो. दार ठेवले की हसण्यासारखे काही उरत नाही.

त्याच मे महिन्याच्या १२ तारखेला न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात भोपाळचा निकाल लागला होता. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीच्या तिथल्या कारखान्यात झालेल्या वायुगळतीनंतर काही दिवसांतच अमेरिकन वकील भोपाळमध्ये उतरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन बेली यांनी युनियन कार्बाइडवर १५०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. वस्तीत फिरून कागदांवर अंगठे घेणाऱ्या या परदेशी वकिलांवर दोन्ही देशांतून टीका झाली, आणि ती गैरवाजवी नव्हती. पुढे भारत सरकारने कायदा करून सगळे दावे स्वतःच्या हाती घेतले, आणि तेच सरकार अमेरिकेत दाद मागायला गेले. कारण उघड होते. आपल्याकडे दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी, वर्षानुवर्षे चालणाऱ्या तारखा आणि अपघात-भरपाईचा तोकडा कायदा.

न्यायालयात ही बाजू प्रतिज्ञापत्रावर मांडली ती मार्क गॅलंटर या अमेरिकन अभ्यासकाने. युनियन कार्बाइडच्या बाजूने भारतीय न्यायालये हा खटला चालवायला पूर्ण समर्थ आहेत, असे प्रतिज्ञापत्र दिले ते मुंबईचे नामवंत कायदेपंडित नानी पालखीवाला यांनी. न्यायमूर्ती जॉन कीनन यांनी पालखीवालांच्या बाजूला कौल दिला. भारतीय न्यायव्यवस्थेला स्वतःच्या पायावर उभे राहू न देणे हाही साम्राज्यवादच ठरेल, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. खटला भारतात आला. दरम्यान एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा सिद्धान्त कंपनीने पुढे केला. फार्वेलच्या काळातली ‘सहकामगाराची चूक’ नव्या वेषात परत आली होती. तीनशे कोटी डॉलरहून अधिक मागणीचा दावा फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटला.

एकाच महिन्यात एका देशात दोन चित्रे दिसली. भाषणाच्या व्यासपीठावर दाव्यांचा महापूर आला होता. कोर्टात हजारो बळी दावा कुठे चालवायचा हे ठरण्याची वाट पाहत होते. गॅलंटर यांनी पुढे आपली बरीच कारकीर्द या महापुराच्या कल्पनेची तपासणी करण्यात घालवली. रँड संस्थेच्या १९९१ च्या अभ्यासातही असा महापूर दिसला नाही: अपघातात जखमी झालेल्या अमेरिकनांपैकी साधारण दहांत एकच जण दुसऱ्या कोणाकडे भरपाई मागायला जातो. बाकीचे गप्प बसतात.

४९ सेंटची कॉफी

२७ फेब्रुवारी १९९२. न्यू मेक्सिकोतले अल्बुकर्की शहर. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून ४९ सेंटची कॉफी घेतली. साखर आणि क्रीम घालता यावे म्हणून नातवाने गाडी पुढे नेऊन थांबवली. गाडीत कप ठेवायला जागा नव्हती. त्यांनी तो गुडघ्यांत धरला आणि पलीकडच्या बाजूने झाकण ओढले. सगळी कॉफी मांडीवर सांडली. अंगातल्या सुती पँटने ती शोषून घेतली आणि कातडीला चिकटवून धरली.

शरीराच्या सहा टक्के भागावर तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे कातडीच्या सगळ्या थरांतून आरपार गेलेले भाजणे. एकूण सोळा टक्के भाग पोळलेला. आठ दिवस रुग्णालय, कातडीरोपण, सुमारे नऊ किलो वजन घटले, आणि दोन वर्षे उपचार चालले. लीबेक यांनी यापूर्वी कधी कोणावर दावा लावला नव्हता. त्यांनी कंपनीला लिहिले ते उपचारांचा खर्च आणि शुश्रूषेसाठी मुलीची बुडालेली कमाई धरून सुमारे २० हजार डॉलर मिळावेत म्हणून. कंपनीने ८०० डॉलर देऊ केले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. लीबेक यांना ती पायरी चढावी लागली ती या ८०० डॉलरमुळे. वकील रीड मॉर्गन यांनी खटल्याआधी तडजोडीचे प्रस्ताव दिले. न्यायालयाने सुचवलेल्या मध्यस्थाने २ लाख २५ हजारांवर मिटवा म्हटले. कंपनी तयार झाली नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये खटला उभा राहिला.

आपल्याला ज्यूरी आठवते ती १९५९ च्या नानावटी खटल्यातली, खुनाच्या आरोपावर. अमेरिकेत मात्र दिवाणी दाव्यांनाही सामान्य नागरिकांची ज्यूरी बसते. लीबेक यांच्या ज्यूरीतल्या बारा जणांपैकी काहींना सुरुवातीला हा खटला हास्यास्पद वाटत होता. कॉफी सांडली म्हणून आपल्याला इथे आणून बसवले, याचा त्यांना राग आला होता. मग साक्षी सुरू झाल्या.

कंपनीचा शाखांना नियम असा होता की कॉफी १८० ते १९० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसवर ठेवायची. लीबेक यांच्या बाजूने सांगण्यात आले की ८८ अंशांची कॉफी सुमारे तीन सेकंदांत कातडी आरपार जाळते. ती ७१ अंशांवर आणली तर तेवढ्याच भाजण्याला वीसेक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात माणूस कपडे झटकू शकतो, असाही त्यांचा दावा होता. गिऱ्हाइके कॉफी घरी किंवा ऑफिसात नेऊन पितात, म्हणून ती जास्त गरम लागते, असे कंपनी म्हणाली. पण बरीच गिऱ्हाइके ती गाडीतच पितात, हे कंपनीच्याच पाहणीत दिसले होते. १९८२ ते १९९२ या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी आल्या होत्या, त्यांत गंभीर जखमाही होत्या. दिली जाते त्या तापमानाला कॉफी पिण्याजोगी नसते, तोंड आणि घसा भाजेल, हे कंपनीच्या गुणवत्ता अधिकाऱ्याने साक्षीत मान्य केले. तरीही तापमानाचा फेरविचार करण्याइतक्या या तक्रारी नाहीत, असे तो म्हणाला. कोट्यवधी कपांच्या मानाने ७०० हा आकडा शून्याच्या जवळपास आहे, असे कंपनीच्या तज्ज्ञाने सांगितले.

ज्यूरीचे मन फिरले ते इथे. सातशे पोळलेली माणसे एका भागाकारात नाहीशी झालेली त्यांनी पाहिली.

निकाल काय लागला ते नीट पाहायला हवे. ज्यूरीने म्हटले, कप गुडघ्यांत धरणे ही लीबेक यांची चूक आहे. ती वीस टक्के. उरलेली ऐंशी टक्के कंपनीची. कपावर इशारा होता, पण तो पुरेसा नव्हता. भरपाई दोन लाख डॉलर. त्यांतून लीबेक यांच्या चुकीचे चाळीस हजार वजा करून एक लाख साठ हजार. याशिवाय कंपनीला अद्दल घडावी म्हणून २७ लाख डॉलर दंडात्मक भरपाई, म्हणजे कंपनीच्या कॉफीची सुमारे दोन दिवसांची विक्री. न्यायाधीश रॉबर्ट स्कॉट यांनी कंपनीचे वागणे बेपर्वाईचे होते असे म्हटले, पण दंड जास्त आहे असे मानून तो ४ लाख ८० हजारांवर आणला. एकूण ६ लाख ४० हजार. अपिलाचा निकाल लागण्याआधीच दोन्ही पक्षांनी गुप्त तडजोड केली. ती या रकमेपेक्षाही कमी होती, असे पुढे छापून आले.

वगळलेले आकडे

बातमी मात्र जगभर गेली ती ‘कॉफी सांडली म्हणून म्हातारीला २९ लाख डॉलर’ अशी. वॉल स्ट्रीट जर्नलने १ सप्टेंबरला खटल्याचा तपशील पहिल्या पानावर नीट मांडला होता, पण इतरांच्या बातम्या छोट्या होत गेल्या आणि छोट्या होताना त्यांतले आकडे गळत गेले. तापमान गळले, सातशे तक्रारी गळल्या, २० हजारांची मूळ मागणीही गळली. न्यायाधीशांनी रक्कम घटवल्याची बातमी फार थोड्या ठिकाणी आली. लीबेक गाडी चालवत होत्या, असेही पुष्कळांना अजून वाटते. तडजोड गुप्त असल्याने त्यांना खुलासा करता येत नव्हता. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांना वर्षभराचा खुराक मिळाला. १९९५ मध्ये ‘साइनफेल्ड’ मालिकेने या प्रसंगावर एक भागच बेतला.

सगळ्यांत आधी कोणता आकडा गळला असेल तर तो वीस टक्क्यांचा. स्वतःची जबाबदारी ओळखायला शिका, असे लीबेक यांना ऐकवणाऱ्यांना हे माहीतच नव्हते की ज्यूरीने ती ओळखली होती, मोजली होती, आणि पैशांत वसूलही केली होती. न्यायालयांनी पावणेदोनशे वर्षांत चूक वाटून घ्यायला शिकून घेतले. लोकांच्या गप्पांतला न्याय मात्र अजून लॉर्ड एलनबरोंच्याच दरबारात चालत होता: जरा जरी तुझी चूक निघाली, तर तू तोंड उघडू नकोस.

गप्पांतल्या या न्यायाला राजकीय वजन होते. कॉफीच्या निकालानंतर महिना-सव्वा महिन्यात रिपब्लिकन पक्षाने जो निवडणूक जाहीरनामा काढला, त्यात दाव्यांना लगाम घालणारे विधेयक होते. १९९६ मध्ये सदोष वस्तूंच्या दाव्यांवर मर्यादा आणणारे विधेयक संमत झाले आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ते नाकारले. पण अनेक राज्यांनी भरपाईवर कमाल मर्यादा घातल्या. २००४ मध्ये तर खाऊन लठ्ठ झालेल्यांना खाद्यकंपन्यांवर दावा लावता येऊ नये म्हणून ‘अन्नसेवनातील वैयक्तिक जबाबदारी’ या नावाचे विधेयक प्रतिनिधीगृहाने मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले, तरी बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. मजा अशी की मॅकडोनाल्ड्सवर लठ्ठपणासाठी लावलेला न्यूयॉर्कमधला दावा न्यायमूर्ती रॉबर्ट स्वीट यांनी त्याआधीच, जानेवारी २००३ मध्ये, फेटाळलेला होता. अशा दाव्यांना चाळण लावायला जुनी न्यायालये पुरेशी होती.

फालतू दावे मुळी नसतातच, असे नाही. वॉशिंग्टनमध्ये एका प्रशासकीय न्यायाधीशाने हरवलेल्या पँटपायी एका लाँड्रीवाल्या कुटुंबावर कोट्यवधी डॉलरचा दावा लावला. ‘समाधानाची हमी’ ही पाटी त्याचा आधार. २००७ मध्ये तो हरला आणि त्याची नेमणूकही पुढे चालू राहिली नाही. पण खटल्याच्या दगदगीत त्या स्थलांतरित कुटुंबाला ते दुकान विकावे लागले. फालतू दाव्याचा फटका असा छोट्या माणसालाही बसतो, आणि त्याची भीती खरी आहे. मात्र जी उदाहरणे सर्वांत जास्त फिरली ती बहुधा दुसऱ्या जातीची होती. घरासारख्या मोठ्या गाडीत वेग ठरवून देणारे बटण दाबून मागे कॉफी करायला गेलेला आणि गाडी उलटल्यावर कंपनीकडून लाखो डॉलर जिंकलेला माणूस ई-मेलमधून आपल्याकडच्या ऑफिसांतही पोचला. असा खटला कधी झालाच नव्हता.

लीबेक २००४ मध्ये ९१ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या खटल्याची पूर्ण हकीकत पुष्कळ अमेरिकनांनी ऐकली ती २०११ मध्ये, सुझन सॅलाडॉफ यांच्या ‘हॉट कॉफी’ या माहितीपटातून. जळालेल्या मांड्यांची छायाचित्रे त्यात पडद्यावर आली. ती पाहून पुष्कळांचे मत बदलले. आकड्यांनी जे काम केले नव्हते ते छायाचित्रांनी केले.

दाराशी उभा असलेला प्रवासी

ज्या ऑगस्टमध्ये अल्बुकर्कीत ज्यूरी बसली, त्याच महिन्याच्या १ तारखेला भारतात रेल्वे कायद्याचे कलम १२४-अ अमलात आले. गाडीतून पडून प्रवासी मेला किंवा जखमी झाला तर रेल्वेने चूक असो वा नसो भरपाई द्यायची, असे ते कलम सांगते. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, गुन्हा, नशा असे अपवाद आहेत. भरपाईची कमाल रक्कम २०१७ पासून आठ लाख झाली, त्याच्या लगेच आधी ती चार लाख होती.

मुंबईच्या लोकलला हे कलम लागू झाले आणि बटरफील्डचा वाद पुन्हा उभा राहिला. प्रवासी दाराशी लटकत होता, ही त्याचीच चूक, म्हणजे ती ‘स्वतः करून घेतलेली इजा’ नव्हे का, असे रेल्वेचे वकील दाव्यांमागून दाव्यांत विचारत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात याचे उत्तर दिले: निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, त्यासाठी तसा हेतू असावा लागतो. चढता-उतरताना पडणाऱ्यालाही भरपाई मिळेल. रूळ ओलांडणाऱ्याला मात्र या कलमाचे छत्र नाही.

लटकणाऱ्याची चूक नसते, असा याचा अर्थ नाही. सकाळी साडेआठच्या डोंबिवलीत आत जागा असती तर कोण लटकले असते, हा त्यातला दुसरा भाग आहे. तोच भाग एका माणसाच्या सावधगिरीच्या आवाक्याबाहेर असतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दाराशी उभे असलेले प्रवासी रुळांवर पडून मेले, तेव्हाही पहिल्या प्रतिक्रियांमध्ये लटकणाऱ्यांना बोल लावणारे पुष्कळ होते. रेल्वेने मात्र लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा केली. म्हणजे दार उघडे ठेवणे हाही एक निर्णय होता, आणि तो घेणारेही कोणीतरी होते, हे नकळत मान्य झाले.

वैयक्तिक जबाबदारीच्या नावाने बोलणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. सावध राहायला हवे, हे बटरफील्डला सांगणे योग्यच होते. पण कंपनीतल्या तापमान ठरवणाऱ्या माणसालाही नाव, हुद्दा आणि पगार असतो. सातशे तक्रारी वाचून काही न बदलण्याचा निर्णय हीसुद्धा एका व्यक्तीची जबाबदारी असते. अल्बुकर्कीच्या बारा जणांनी हे दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडले. पुढचा एखादा दावा हास्यास्पद वाटला तर आपणही आधी दोन्ही आकडे मागावेत: जखमी माणसाची चूक किती टक्के, आणि उरलेली कोणाची.